उग्र वासाची हिरवी झाडे

“चावा म्हणते ना! चावून बघा, साहेब! मुंडी काय हालवताय, तोंड उघडा!”

गौराकाकू ओरडत होती. तिच्या एका हातात हिरव्या पानांची मूठ, दुसऱ्या हातात विळा. समोर तालुक्याहून आलेले फौजदार कमरेच्या पट्ट्यात दोन्ही अंगठे अडकवून उभे. त्यांच्या मागं चार शिपाई, शिपायांच्या मागं जीप, जीपच्या मागं उरलंसुरलं गाव, आणि या सगळ्यांच्या बरोब्बर मध्ये, पालथ्या पाटीवर ठेवलेल्या कागदापाशी, हातात पेन घेऊन मी. काकूचा आवाज त्या दिवशी असा लागला होता की घाटनांदूरच्या स्टेशनात उभी असलेली गाडी शिट्टी झाली समजून निघून गेली असेल. नसेल गेली तर शब्द मागं घेतो.

चार-पाच वर्षं झाली त्याला. पण तुरीला फूल धरलं की तो आवाज माझ्या कानात परत येतो. यंदाही आलाय. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी रानात जाऊन येतो. सोयाबीन निघून गेलेलं असतं, भुसकटाचा कुबट-गोड वास तेवढा मागं राहिलेला असतो, आणि उघड्या पडलेल्या काळ्या रानात तूर एकटीच पुरुषभर उंच उभी असते. पिवळी फुलं, त्यांच्या पाठीवर तांबड्या रेघा. मधमाश्या इतक्या की खिशातला फोन वाजलेला कळत नाही. दंवानं धोतराचा काठ भिजतो. काढणीला आलेली तूर म्हणजे नुसता माल, तिच्यात बघण्यासारखं काही नाही. फुलावर असते तेव्हा ती लपायची जागा असते. आमच्या भागात तुरीनं काय काय पोटात घेतलंय विचारू नका. रानडुकरं, शाळा बुडवणारे, लग्न न जमलेली जोडपी, हातभट्टीचे डबे. एकदा तर एक अख्खी बैलगाडी तुरीत शिरली ती संक्रांतीलाच बाहेर आली.

माझ्याबद्दल एक सांगून ठेवतो. मी वाढवून सांगतो. माझं किराणा दुकान आहे. पूर्वी दुकानदाराला वजनात थोडा हात मारता यायचा, आता काटा इलेक्ट्रॉनिक झाला, मग उरलेली हौस बोलण्यात भागवावी लागते. ऐकणाऱ्यानं दहातले चार काढून टाकावेत. बाकीचे सहा मात्र चोख.

तर त्या हंगामाचं. दिवाळी झाली की आमचं गाव निम्मं होतं. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कुणी माजलगावकडं, कुणी पार कर्नाटकात. ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर, त्यावर कोयते, डबे, गोधड्या, शेळ्या आणि शेळ्यांच्या वर माणसं. दोन दिवस नुसता धुरळा आणि हाका. मग एकदम शांतता. गल्लीत कुलपंच कुलपं दिसतात. शेजाऱ्याकडं ठेवायला दिलेल्या कोंबड्या दिवसभर आपलं घर शोधत फिरतात. गावात उरतात म्हातारेकोतारे, दुकानदार आणि वाद घालणारे.

वाद घालणारे माझ्या दुकानापुढच्या बाकड्यावर बसतात. एक आमचे मास्तर, इतिहास शिकवून निवृत्त झालेले. दुसरा फौजी, सैन्यातून पेन्शन घेऊन आलेला. त्या वर्षी रोज कुठल्या ना कुठल्या गावात तुरीतला, कापसातला गांजा पकडल्याची बातमी यायची, आणि या दोघांना खुराक मिळायचा.

“खुला करा,” मास्तर म्हणायचे. “माझे आजोबा सांगायचे, निजामाच्या वक्ताला तालुक्याला ठेक्याचं दुकान होतं. उघड मिळायचा. त्यापायी कुणी कुणाचा मुडदा पाडला असं त्यांनी कधी सांगितलं न्हाई. चोरून इकायची चीज झाली, तवा चोर आले.”

“अन् आज खुला केला तर?” फौजी उसळायचा. “पोरं शाळंतून निघतील ती सरळ दुकानात. आदी घरातली भांडी जातील, मग बायकोचं डोरलं, मग दुसऱ्याच्या घरात शिरतील. बंदच पायजे. एकाला धा वर्षं आत टाका, धा गावं सरळ.”

“कुणाला टाकता आत? इकणाऱ्याला का ओढणाऱ्याला?”

“घावल त्याला!”

“आता बरोबर बोललास,” मास्तर म्हणायचे. “घावतो तोच जातो. अन् घावतो कोण, ते बग जरा.”

मग दोघं माझ्याकडं बघायचे. मी दुकानदार. माझं मत गिऱ्हाइकागणिक वेगळं. आणि या विषयावर मी गप्प बसण्याला आणखी एक कारण होतं. आपल्याकडं गुटख्याला बंदी आहे. माझ्या फळीवर गुटखा नव्हता. जिऱ्याच्या डब्यात होता. बंदीमुळं माझं एक गिऱ्हाईक कमी झालं नव्हतं, फक्त ते कुजबुजून मागायला लागलं होतं. “आप्पा, जिरं हाय का?” असं एखाद्यानं बारीक आवाजात विचारलं की समजून जायचं. त्या वर्षी आमच्या गावाएवढं जिरं महाराष्ट्रात कुणी खाल्लं नसेल. फौजी स्वतः रोज दोनदा जिरं न्यायचा आणि बाकड्यावर बसून बंदीच्या बाजूनं बोलायचा.

आता वीरभद्रकाका. माझा सख्खा चुलता, गौराकाकूचा नवरा. एवढा सौम्य माणूस मी पाहिला नाही. बैलालासुद्धा “चला की जरा” म्हणायचा, आणि बैल नाही चालला तर स्वतः थांबायचा. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, दर सोमवारी मठात भजन. आणि भजनानंतर चिलीम. एवढी एक गोष्ट काकाच्या चारित्र्याला चिकटलेली. ती चिलीम भरायला लागेल तेवढा माल बाहेरून आणायचा म्हणजे नको त्या माणसांशी ओळखी, म्हणून काकानं आपल्या तुरीत, विहिरीच्या अंगाला, दोन झाडं लावली होती. दोन. ही गोष्ट काकाला ठाऊक होती, मला ठाऊक होती, आणि आपल्याला ठाऊक नाही असं म्हणणाऱ्या सगळ्या गावाला ठाऊक होती. कायद्यात काय आहे तेही आम्हाला फौजीनं सांगून ठेवलं होतं. झाड लावलं की ती लागवड. दोन असो की दोनशे, लवकर जामीन नाही. महाशिवरात्रीला पान वाटून घेतलं तर प्रसाद, आणि त्याच झाडाचा शेंडा चिलमीत घातला तर कोठडी. साठी ओलांडलेला, मूतखड्यानं वाकलेला, बैलाशी अदबीनं बोलणारा माझा काका कोठडीत बसलेला माझ्या डोळ्यापुढं यायचा आणि मी घाईघाईनं दुसरा विषय काढायचा.

त्याच तुरीत अंबाडी होती. आमच्याकडं तुरीच्या काही ओळी झाल्या की एक ओळ अंबाडीची टाकतात. कोवळी असताना भाजी, मोठी झाली की तिच्या सालाचे दोर. गौराकाकू दर वर्षी स्वतः पेरायची, आणि त्या वर्षी पावसानं उशीर केला म्हणून अंबाडीही उशिरा वाढली होती. आता अंबाडीची एक गंमत आहे. बाजारात जुडी बांधून ठेवलेली अंबाडी सगळ्यांना ओळखू येते. उभी अंबाडी किती जणांनी पाहिलीय? डोक्याच्या वर जाते, आणि तिच्या शेंड्याची पानं फाटून पाच-सात बोटांची होतात. पेपरात गांजाच्या बातमीशेजारी ज्या पानाचं चित्र छापतात ना, हुबेहूब तसली. फूल आलं तर फरक लगेच कळतो. फिकट पिवळं, पोटात तांबडाकाळा डाग. पण हे फूल सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटून जातं. आणि सरकारी जीप गावात सकाळी कधी येत नाही.

जीप यायला कारण झालं बांध. काकाच्या शेजारी दत्तूचं रान. नांगरताना दत्तूनं बांध वीतभर खाल्ला, असं काकूचं म्हणणं. काकूनंच दगड सरकवला, असं दत्तूचं म्हणणं. काका म्हणाला, “जाऊ द्या की, वीतभर माती कुठं जाते?” त्यावर दोघंही काकावरच भडकले. पूर्वी आमच्याकडं बांधाच्या भांडणात कुऱ्हाड निघायची. आता फोन निघतो. दत्तूनं तालुक्याला फोन केला, की अमक्याच्या तुरीत गांजा हाय, विहिरीच्या अंगाला. नाव सांगितलं नाही. पण आमच्या गावात निनावी फोन कुणी केला हे फोन ठेवायच्या आधी कळतं.

दुपारी जेवायच्या वेळेला जीप थेट माझ्या दुकानापुढं थांबली. पहिल्यांदा मी जिऱ्याचा डबा पायानं मागं सारला. साहेब उतरले. नवीन बदली होऊन आलेले, शहरातले, सोयाबीनच्या भुसकटानं नाक चोंदलेलं. रुमालात शिंकत म्हणाले, “पंच पाहिजे. सही येते ना? आणि काटा घ्या बरोबर.”

पंच व्हायला आमच्याकडं कुणी तयार नसतो. एकदा सही केली की कोर्टाच्या तारखांना पाच-सात वर्षं चपला झिजवायच्या. पण दुकानदार सापडला की पोलिसांना एका दगडात सगळं मिळतं, सही करणारा माणूस आणि वजनाचा काटा. मी म्हणालो, “साहेब, गिऱ्हाईक हाय.” साहेबांनी दुकानात नजर फिरवली. फळीवरून फिरली, बरण्यांवरून फिरली आणि जिऱ्याच्या डब्यावर येऊन थांबली. “आप्पा,” ते हळूच म्हणाले, “जिरं बरंच खपतं म्हणे तुमच्याकडं.”

मी काटा उचलला.

रानात पोचलो तोवर शिपायांनी अंबाडी उपटायला सुरुवात केली होती. काका बांधावर उभा, आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. निर्दोष माणूस पोलिसांना बघून चिडतो, निदान गोंधळतो. काका मान खाली घालून शिक्षा ऐकायला उभा राहिल्यासारखा उभा होता. त्याच्या मनात ती दोन झाडं. माझ्याही मनात ती दोन झाडं. साहेबांनी काकाकडं एकदा बघितलं आणि त्यांची खात्रीच पटली. अंबाडीचा ढीग वाढत गेला. माझ्या काट्यावर मी रोज साखर मोजतो, त्यावर त्या दिवशी अंबाडीच्या मोळ्या चढल्या. लेखनिक शिपाई जुना पंचनामा समोर ठेवून नवा लिहीत होता. लिहून झाल्यावर त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं, “ओलसर, उग्र वासाची हिरवी झाडे, पाने व शेंडे यांसह.”

उग्र वासाची! साहेबांचं नाक बंद होतं. माझं उघडं होतं. मला फुललेल्या तुरीचा वास येत होता, ओल्या मातीचा येत होता, शिपायाच्या डोक्याला लावलेल्या तेलाचा येत होता. उग्र काहीच नव्हतं. समोरच्या ढिगात गांजाचं पान नाही हे मला दिसत होतं. आईशप्पथ दिसत होतं. पण मी जर आता तोंड उघडलं, तर साहेब म्हणणार, बरं, ही अंबाडी, मग आणखी शोधा. आणखी शोधलं की विहिरीचा कोपरा. अंबाडीवर सही केली तर पुढं कधीतरी तपासणीत सुटका होईल. आणि मध्ये काका किती दिवस आत राहील? ते मी तेव्हा मोजलं नाही. माझ्या डोक्यात काका होता, आणि काकाच्या मागं जिऱ्याचा डबा होता. खरं सांगायचं तर डबा पुढं होता.

“करा सही,” साहेब म्हणाले. मी पेन कागदावर टेकवलं.

आणि तेवढ्यात काकू आली. ती घरी भाकरी करत होती. कुणीतरी सांगितलं, तशी पिठाच्या हातात विळा घेऊन पळत आली. जीप बघून ती थबकली नाही, काकाकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. मग ढिगाकडं. मग एक शेंडा ओरबाडला आणि सरळ साहेबांच्या नाकाशी नेला.

“ह्याला गांजा म्हणता? काहून? चावा म्हणते ना!”

साहेब मागं सरले. “बाई, सरकारी कामात अडथळा...”

“मीच चावते आदी, हे बगा!” तिनं मूठभर पानं तोंडात कोंबली, गालफडं फुगवून चावली आणि गिळली. “आता मी नाचले तर मला धरून न्या. न्हाईतर तुमी चावा! सकाळी आला असता तर फुलानंच सांगितलं असतं. हे काय टायम हाय का यायचा?”

गाव हसलं. हसणाऱ्या गावापुढं साहेब काय करणार? त्यांनी एक पान घेतलं, रुमालानं पुसलं आणि दाताखाली धरलं. एका क्षणात त्यांचा डावा डोळा मिटला, मग उजवा मिटला, मग कान हलले. अंबाडीचा आंबटपणा असा, की चोंदलेलं नाकसुद्धा उघडलं. साहेब चांगले अकरा वेळा शिंकले. पाच म्हणा.

“साहेब,” धर्मापुरीकडचा एक शिपाई मागून म्हणाला, “ही अंबाडी हाय. भाजी करत्यात हिची.”

“तुला माहीत होतं?”

“व्हय.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुमी इचारलं न्हाई, साहेब.”

इथं संपायला हवं होतं. पण साहेब हुशार. डोळे पुसत म्हणाले, “फोनवर विहिरीची बाजू सांगितली होती. तिकडं बघू.”

काका मटकन खाली बसला. बसला तो बसला, वर हात जोडले आणि म्हणाला, “साहेब, आता लपवून काय उपेग? ती दोन...”

“दोन म्हशी सोडायच्या राहिल्यात!” काकू कडाडली. “पाण्याला न्यायच्यात. उठा!”

आमच्याकडं म्हशी नव्हत्या. पण काका उठला. चाळीस वर्षांचा संसार, काकू उठ म्हणाली की काका उठणारच.

विहिरीपर्यंतचं अंतर शंभर पावलांचं. मी ते कसं चाललो ते सांगता येत नाही. तुरीची फुलं खांद्याला लागून गळत होती, मधमाश्या आपल्या कामात होत्या, आणि मी एकेक पाऊल टाकताना परळीच्या वैजनाथापासून सगळ्या देवांना काही ना काही कबूल करत होतो. त्या शंभर पावलांत मी इतके नवस बोललो की ते फेडायला तीन जन्म लागतील. शिपाई पुढं गेले. तुरीची शेवटची ओळ बाजूला केली.

कोपऱ्यात दोन आळी होती. नीट गोल, काठ बांधलेली, पाणी घातलेली. आणि त्यात नुकतं डोकं वर काढलेली, हिरवीगार कोथिंबीर.

“कोथमीर हाय,” काकू म्हणाली. “तीबी चावता का?”

सुटका झाली की अंगात काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. आनंद वगैरे नंतर. आधी भूक लागते. मग प्रत्येक माणूस आपल्या जवळचा वाटायला लागतो. मी साहेबांना जवळजवळ मिठी मारणार होतो. साहेबांनी पंचनामा फाडला नाही, घडी करून खिशात घातला, पण दुसरा लिहायला सांगितला, की इसमाच्या शेतात आक्षेपार्ह काही मिळून आलं नाही. त्यावर मी अशी झोकदार सही केली की कागद फाटला. जाताना काकूनं अंबाडीची एक जुडी जीपमध्ये टाकली. “तुरीच्या डाळीत घाला म्हणावं बाईसायबाला. वरून लसणाची फोडणी.” साहेबांनी घेतली.

जीपचा धुरळा खाली बसल्यावर काका हळूच म्हणाला, “अगं, ती झाडं?”

“आठ दिस झाले जाळली, तुमी कुठं फिरकला इकडं तवापासनं? न्हाणीच्या चुलीत.”

“फौजदार येणार हे तुला ठाव होतं?”

“मला कशाला ठाव असंल? फौजदारापायी न्हाई जाळली. तुमच्या खोकल्यापायी जाळली. रातभर खोकता, मला डोळा लागत न्हाई.”

तेव्हा मला आठवलं. आठ दिवसांपूर्वी काकाच्या गल्लीत एक विलक्षण दुपार झाली होती. न्हाणीच्या धुराड्यातून धूर निघत होता, आणि गल्लीतली कुत्री डोळे मिटून समाधी लावून बसली होती. कोंबड्या ओळीनं उभ्या राहून एकमेकींची माफी मागत होत्या. गल्लीतली दोन घरं, जी सहा वर्षं बोलत नव्हती, त्यांनी भिंतीवरून एकमेकांना लोणचं दिलं. मला वाटलं, हवा पालटली. दहातले चार काढा, पण लोणचं दिलं होतं हे चोख.

उपटलेली अंबाडी अर्ध्या गावाला पुरली. त्या संध्याकाळी ज्या घराला कुलूप नव्हतं त्या प्रत्येक घरात अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी होती. काकूनं एक वाटी दत्तूच्या घरीही धाडली. दत्तूनं ती खाल्ली, वाटी घासून परत केली, आणि माघात बांधाचा दगड जिथं होता तिथं आणून ठेवला.

बाकड्यावर मात्र बोलणं थांबेना. मास्तर म्हणाले, बघा, बंदीचं काय होतं. बंदी हे एक हत्यार झालं, बांधाच्या भांडणात कुणीही उचलावं. खुला असता तर दत्तूचा फोन कुणी घेतला असता का? फौजी म्हणाला, खुला असता तर काकानं दोनाची वीस केली असती, आणि काकाचं सोडा, ज्यांच्या घरात अशी काकू नाही त्यांचं काय?

आमच्या गावाच्या फाट्यावर परवान्याचं दारूचं दुकान होतं. ते उघडल्यावर हातभट्ट्या बंद पडल्या, धाडी थांबल्या, रस्त्यावरच्या मारामाऱ्या कमी झाल्या. हे मी पाहिलंय. आणि त्याच वर्षी माझ्या दुकानात हळद न्यायला येणाऱ्या बायका वाढल्या, मुका मार लागल्यावर लावायला लागते ती हळद. हेही मी पाहिलंय. मग काकूनं बायका गोळा केल्या, मतदान झालं, बाटली आडवी झाली, गुलाल उधळला. दुकान गेलं. सहा महिन्यांत दुधाच्या कॅनमधून बाटल्या यायला लागल्या, आणि कॅनवाल्यांची आपसात चाकूची भांडणं सुरू झाली. उघडं असलं तर गुन्हा घरात शिरतो, बंद केलं तर रस्त्यावर येतो. मास्तर रस्त्याकडं बघून बोलतात, फौजी घराकडं बघून. मी दोन्हीच्या मध्ये, दुकानात.

एवढं मात्र मला वाटतं. रात्रीच्या ट्रकमधून पोत्यानं माल नेणारा आणि सोमवारी भजनानंतर चिलीम ओढणारा, हे दोघं एकाच तराजूत घालणारा काटा बिघडलेला आहे. हे मी काटा बाळगणारा माणूस म्हणून सांगतो. ज्या कायद्याला गुन्हेगार शोधायचाय त्यानं आधी भाजी ओळखायला शिकावं. मग उघडा की झाका, बाकड्यावर बसून खुशाल ठरवू. त्या आठवड्यातच मी जिऱ्याचा डबा रिकामा केला. आता त्यात जिरं असतं. यातला एक शब्दही वाढवलेला नाही. फौजी अजून माझ्यावर नाराज आहे.

काकानं चिलीम सोडली. म्हणजे काकूनं सोडवली. रागानं काका दोन महिने बैलांना “ए” म्हणाला, मग विसरला. आता सोमवारी भजन म्हणतो तेव्हा त्याचा आवाज वरच्या पट्टीत जातो, कधी नव्हे तो. या हंगामात मी त्याच्या रानात जातो तेव्हा तो तुरीत उभा असतो, फुलं बघत, हात मागं बांधून. कोठडीत बसलेला काका माझ्या डोळ्यापुढं येत नाही आता. फुलातला काका येतो. केवढं हलकं वाटतं.

परवा काकूच्या ओसरीवर मी ही गोष्ट पुन्हा सांगितली. तोडीला न गेलेली दोन-चार घरं जमली होती. मी रंगात आलो होतो. पेन मी कसं फेकलं ते सांगितलं. फेकलेलं पेन विहिरीत पडलं आणि बेडूक घाबरून वर आले. मी छाती काढून साहेबांना म्हणालो, हा शिवाप्पा दुकानदार आपल्या चुलत्याच्या विरोधात सही करणार न्हाई, जिऱ्याचा डबा न्या, मला न्या, पण सही न्हाई! लोक हसले, काकाही हसला. काकू खाली मान घालून ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होती.

सगळे पांगल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसलो. थोड्या शेंगा सोलल्या. मग विचारलं, “काकू, खरं सांग. तू त्या दिवशी आली नसतीस तर मी सही केली असती का गं?”

“केली असतीस,” काकू म्हणाली. “हात धू, ताट वाढलंय.”